हॉटेलचं तोंड बदलताय? थ्रीडी चित्रावर सही करण्याआधी एवढं तपासा

धाराशिव : दरवर्षी नवरात्र दोन-तीन महिन्यांवर आलं की जिल्ह्यातल्या महामार्गांवर हॉटेल-ढाब्यांची रंगरंगोटी सुरू होते. तुळजापूरला येणारा भाविक, सोलापूरकडून हैदराबादला जाणारी गाडी, धुळ्याकडून येणारा ट्रक, या सगळ्यांना आपलं हॉटेल लांबून दिसावं, गाडी आत वळावी, हा मालकाचा हिशोब. तो चुकीचा नाही. पण यासाठी जो आराखडा तयार होतो तो बहुतेक वेळा मोबाईलवर आलेलं एक थ्रीडी चित्र असतं. समोर हिरवंगार लॉन, चकचकीत पॅनल, रात्री उजळलेली पाटी, दारात दोन पांढऱ्या गाड्या. चित्र आवडलं की ॲडव्हान्स जातो आणि काम सुरू होतं.

अडचण पुढे येते. पोर्च रस्त्याच्या इमारत रेषेत आला म्हणून नोटीस निघते. पाटी पहिल्याच वळवाच्या वादळात वाकते. उन्हाळ्यात लॉनला टँकर लागतो. शेजारच्या शेतात पाणी तुंबतं आणि प्रकरण तहसीलला जातं. आपल्याकडे रस्त्यावरची बरीच हॉटेलं शेतकऱ्यांचीच आहेत. भूसंपादनाचा मोबदला, नाहीतर शेती दाखवून काढलेलं कर्ज त्यात घातलेलं असतं. त्यामुळे दर्शनी भाग, पाटी आणि बागेचा आराखडा हातात आला की तो कसा वाचायचा, कुठे बोट ठेवून प्रश्न विचारायचा, हे माहीत असलेलं बरं.

चित्र वेगळं, नकाशा वेगळा

थ्रीडी चित्र फक्त काम झाल्यावर कसं दिसेल ते सांगतं. किती फुटांवर, कशाचं, किती जाडीचं, पाणी कुठे जाणार, यातलं काहीच त्यात नसतं. म्हणून आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून किमान चार कागद मागून घ्यावेत.

पहिला, जागेचा नकाशा. यात गटाची हद्द, रस्त्याची हद्द, रस्त्याचा मध्य, सध्याची इमारत, विहीर-बोअर, विजेचे खांब आणि मोठी झाडं मापासकट हवीत. दुसरा, दर्शनी भागाचा मापांसह आराखडा आणि वापरायच्या साहित्याची यादी. तिसरा, पाटीचा तपशील : आकार, उंची, अँगल-पाईपचं माप, पाया आणि वायरिंग. चौथा, पाण्याचा उतार आणि झाडांचा नकाशा.

यातला पहिला कागद सगळ्यात महत्त्वाचा. तो अंदाजाने काढलेला नको. भूमी अभिलेखची मोजणी झालेली असेल तर 'क' प्रत इंजिनिअरला द्यावी. मोजणी जुनी असेल, किंवा मधल्या काळात महामार्गासाठी जमीन गेली असेल, तर आधी मोजणी आणि मग नकाशा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरची ताबेवहिवाट यात फरक असणं आपल्याकडे नवीन नाही. बाभळीच्या कुंपणाला हद्द समजून कंपाउंड घातलं की भांडण घरात आलंच म्हणून समजा.

टेप रस्त्याच्या मध्यापासून धरा

जिल्ह्यातून दोन मोठे महामार्ग जातात. धुळे-सोलापूर मार्ग, जुना २११ आणि आताचा ५२, वाशी, धाराशिव, तुळजापूर तालुक्यांतून जातो. पुणे-हैदराबाद मार्ग, जुना ९ आणि आताचा ६५, नळदुर्ग, उमरगा भागातून जातो. या रस्त्यांलगत मोकळ्या भागात, म्हणजे गावठाण-शहराबाहेर, दोन रेषा लक्षात ठेवायच्या असतात. रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटर, म्हणजे सुमारे १३१ फूट, ही इमारत रेषा. तिच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. मध्यापासून ७५ मीटर, म्हणजे सुमारे २४६ फूट, ही नियंत्रण रेषा. या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधकाम करायचं तर रस्त्याच्या यंत्रणेची संमती लागते.

उदाहरणाने पाहू. समजा रस्त्याची एकूण हद्द ६० मीटर आहे. म्हणजे मध्यापासून ३० मीटरवर शासनाची हद्द संपते आणि मालकाचं रान सुरू होतं. पण इमारत रेषा ४० मीटरवर. म्हणजे रान स्वतःचं असूनही पहिले १० मीटर, साधारण ३३ फूट, तिथे पक्कं बांधकाम नाही. आणि पुढचे ३५ मीटर संमतीशिवाय नाही. नेमका याच ३३ फुटांत थ्रीडी चित्रातला पोर्च, कमान, दगडी कंपाउंड आणि पान-ज्यूसचे गाळे बसवलेले असतात.

मध्य कुठला, हाही प्रश्नच. चौपदरी रस्त्यावर दुभाजकाचा मध्य अंदाजासाठी धरता येतो. पण रुंदीकरण एकाच बाजूला झालं असेल तर कागदावरचा मध्य वेगळा असू शकतो. म्हणून राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्या कार्यालयाकडून आणि राज्यमार्ग-जिल्हामार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम उपविभागाकडून अंतर लेखी घ्यावं. राज्यमार्ग, जिल्हामार्ग, ग्रामीण मार्ग यांची अंतरं सारखी नसतात. शेजाऱ्याचं हॉटेल कुठवर आहे ते बघून माप धरलं तर दोघंही एकाच नोटिशीत सापडतात.

रस्त्याच्या हद्दीतच काही उभं केलं तर विषय आणखी कडक होतो. २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायद्याने महामार्गाच्या जमिनीवरचा ताबा काढून टाकण्याचा अधिकार यंत्रणेला आहे. तिथे घातलेला पैसा मोबदल्यात धरला जाईल या आशेवर कुणी राहू नये.

कशाला परवानगी, कशाला नाही

सगळ्याच कामाला परवानगी लागते असंही नाही. रंग, गिलावा, फरशी बदलणं, फुटलेली कौलं-पत्रे बदलणं, झाडं लावणं ही किरकोळ कामं राज्याच्या बांधकाम नियमावलीत परवानगीतून सोडलेली आहेत. पण नूतनीकरणाच्या नावाखाली जागा वाढली, म्हणजे नवा पोर्च, बाहेर बसायला पत्र्याची शेड, कंपाउंड भिंत, गच्चीवर बसायची सोय, तर ते नवं बांधकाम झालं. गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीकडे, गावठाणाबाहेर असेल तर महसूल आणि नगररचना विभागाकडे नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. जमिनीचा वापर अकृषिक झाल्याची नोंद आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्यावं. मूळ इमारतच शेतीच्या जमिनीवर विनापरवाना उभी असेल तर तोंड बदलण्यावर लाखो घालण्याआधी ते कागद सरळ करणं जास्त शहाणपणाचं.

ठेकेदार "टेंपररी आहे, काढता येतं" असं म्हणतो. लोखंडी खांब काँक्रीटमध्ये रोवले, वर पत्रा टाकला, खाली फरशी केली, की ते कागदोपत्री टेंपररी राहत नाही. हे त्याला माहीत असतं, मालकाला नसतं.

गाडी आत येणार कुठून, पाणी जाणार कुठून

नव्या आराखड्यात हॉटेलचं प्रवेशद्वार अनेकदा हलवलेलं असतं. महामार्गावर नवा प्रवेश काढायचा किंवा जुना रुंद करायचा तर परवानगी लागते. २००२ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. गाडीचा वेग कमी करायला आणि परत वेगात रस्त्याला लागायला जागा ठेवावी लागते. दुभाजक फोडून "आपल्यापुरता" रस्ता करणं हा तर सरळ अपघाताचा धंदा आहे.

आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी दाखवली आहे का, ते नकाशात बघावं. मोठा ट्रक १२ मीटरपर्यंत, म्हणजे जवळपास ४० फूट लांब असतो. ट्रेलर त्याहून लांब. चित्रात फक्त कार दाखवल्या असतील आणि गिऱ्हाईक ट्रकवाले असतील, तर ट्रक बाहेर रस्त्याच्या कडेलाच थांबणार. कोजागिरीच्या आधी सोलापूर आणि कर्नाटकाकडून हजारो भाविक तुळजापूरला रात्रीचे पायी चालत असतात. कडेला उभा ट्रक म्हणजे त्यांना डांबरावर उतरायला लावणं. पार्किंग आत बसलं पाहिजे, ही या आराखड्याची पहिली अट असायला हवी.

दुसरा मुद्दा नालीचा. रस्त्याच्या कडेची नाली बुजवून वर मुरूम-काँक्रीट टाकून गाड्यांसाठी उतार करायचा, हे सर्रास चालतं. पावसाळ्यात त्या नालीचं पाणी वरच्या बाजूच्या शेतात शिरतं. सोयाबीन, तूर पिवळी पडते. प्रवेशाच्या खाली पुरेशा व्यासाचा सिमेंट पाईप टाकून मोरी केलेली नकाशात दिसली पाहिजे, आणि पाईपचा व्यास रस्त्याच्या यंत्रणेने सांगितलेला असला पाहिजे.

ज्याचं शेत बुडतं त्याच्याकडेही कायदा आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ प्रमाणे पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बेकायदा अडवला तर तहसीलदारांकडे दाद मागता येते आणि अडथळा काढण्याचा आदेश होऊ शकतो. मात्र ही दाद सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. हॉटेलवाल्यांनी आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवावं.

सगळं अंगण गट्टूने किंवा काँक्रीटने झाकायचं ठरलं असेल तर पाणी मुरायची जागा संपते. अवकाळीचा एक जोराचा मारा आला की अख्ख्या अंगणाचं पाणी एकाच कोपऱ्यातून धावतं. तो कोपरा कुणाच्या बांधावर जातो ते आराखड्यातच ठरवावं. पार्किंगचा काही भाग खडीचा ठेवला, छताचं आणि अंगणाचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं, तर तेच पाणी पुढे कामाला येतं. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी मात्र यात मिसळू देऊ नये. त्याला वेगळा खड्डा हवा.

दर्शनी भाग : चकाकी आणि ऊन

सध्या फॅशन आहे ॲल्युमिनियमच्या पॅनलची आणि काचेची. दोन्ही लवकर बसतात, दिसतात भारी. पण आपल्याकडचं ऊन विसरून चालत नाही. धुळे-सोलापूर रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातो. म्हणजे त्याच्या पूर्वेकडच्या हॉटेलांची तोंडं पश्चिमेला. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन ते सहा ऊन थेट काचेवर. मग आत एसी किंवा कूलर अखंड चालतो, पडदे ओढले जातात, आणि काचेवर घातलेला पैसा पडद्याआड जातो. त्यापेक्षा पश्चिमेला खोल छज्जा, जाळीची भिंत किंवा पडवी ठेवली तर बसायला सावली मिळते. अर्थात ही पडवीही इमारत रेषेच्या आतल्या अंगाला बसली पाहिजे.

पॅनलबाबत एक प्रश्न विचारायचाच : आत काय भरलंय? दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांच्या मध्ये साधं प्लास्टिक असेल तर ते पेट घेतं आणि आग वर चढवतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण गेले. तिथे बाहेरून बसवलेली पॅनलं याच जातीची होती. आपलं हॉटेल चोवीस मजली नाही, पण भट्टी, तंदूर, गॅसच्या टाक्या आणि धुराडं आपल्याकडे आहे. आग रोखणारा, एफआर दर्जाचा माल लिहून घ्यावा आणि धुराड्याच्या, भट्टीच्या बाजूला पॅनल न लावता वीट, दगड किंवा साधा पत्रा ठेवावा. काळा दगड आपल्या भागात मिळतो, त्याला रंग लागत नाही आणि उन्हाने तो फिका पडत नाही.

विजेच्या तारा नकाशात दाखवल्या आहेत का, हेही बघावं. ११ केव्हीची लाईन असेल तर इमारतीपासून आडवं अंतर किमान १.२ मीटर आणि वरून जात असेल तर उभं अंतर किमान ३.७ मीटर हवं. दर्शनी भाग चार फूट पुढे आणला, वर कमान उंच केली, की हे अंतर कमी होतं. थ्रीडी चित्रात तारा कधीच दिसत नाहीत. तार हलवायची असेल तर महावितरणकडे अर्ज, अंदाजपत्रक, पैसे भरणं, याला वेळ लागतो. तो वेळ धरूनच काम सुरू करावं.

आणि दारातल्या पायऱ्या. तुळजापूरला येणाऱ्यांत म्हातारी माणसं बरीच असतात. सहा इंचाच्या पायरीसाठी किमान सहा फुटांचा उतार हवा, म्हणजे एकास बारा. यापेक्षा तीव्र उतारावर व्हीलचेअर नीट चढत नाही आणि पावसात चालणाराही घसरतो.

पाटी : भाषा, नाव, आकार आणि वारा

पाटीचा खर्च कमी, पण नियम जास्त. पहिला नियम मराठीचा. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. ती मुदत कधीच संपली. तरी डिझायनर अजूनही इंग्रजी नाव चार फुटांचं आणि मराठी कोपऱ्यात सहा इंचाचं करून देतात.

दुसरा, नावाचा. ज्या आस्थापनेत दारू दिली किंवा विकली जाते तिला महापुरुषांची, थोर स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. शासनाने नावांची यादी काढलेली आहे. आपल्या जिल्ह्यात नळदुर्ग, परंडा असे किल्ले असल्याने परमिट रूमवाल्यांनी पाटी रंगवायच्या आधी ती यादी बघावी.

तिसरा, दारूच्या जाहिरातीचा. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर दारू मिळते असं सांगणाऱ्या पाट्या आणि जाहिराती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ च्या निकालात बंद केल्या. दुकानाच्या अंतराचा नियम पुढे वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी ५०० वरून २२० मीटरवर आला, पण पाट्यांची सूट मिळाली असं समजू नये.

आता वाचता येण्याचं गणित. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. चालकाला पाटी वाचून, ठरवून, वेग कमी करून वळायला सहा-सात सेकंद तरी हवेत. म्हणजे पाटी दीडशे मीटरवरून, जवळपास ५०० फुटांवरून वाचता आली पाहिजे. अक्षराच्या एक इंच उंचीला सुमारे ३० फूट, हा साधा हिशोब धरला तर नावाचं अक्षर १६-१७ इंच उंच हवं. मराठीत वर मात्रा, खाली उकार येतात, म्हणून थोडं जास्तच धरावं. सांगायचं हे, की एवढ्याने काम भागतं. पाटीवर नाव, 'जेवण' आणि बाण एवढंच मोठं ठेवलं तर पाटी प्रचंड करायची गरज नाही. थाळीचे फोटो, मालकाचा फोटो, चार नेत्यांचे फोटो आणि बारा मोबाईल नंबर चालत्या गाडीतून कुणीच वाचत नाही.

प्रचंड पाटी धोक्याचीही आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. ते होर्डिंग मंजूर आकारापेक्षा कित्येक पट मोठं होतं. वाऱ्याचा रेटा किती असतो याचा हिशोब इंजिनिअरला येतो, पण मालकालाही अंदाज हवा. २० फूट बाय १० फूट पाटी म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर साधारण साडेआठशे किलोचा रेटा येतो. वारा १४० ला गेला तर तोच रेटा पावणेदोन टनांच्या घरात. वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. शेडनेट आणि गोठ्याचे पत्रे उडालेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पाटीच्या पाईपचं माप, पायाचा खड्डा आणि बोल्ट यावर इंजिनिअरची सही असलेला कागद हवाच. फ्लेक्सवाल्याचा अंदाज इथे चालत नाही. आणि पाटी पडलीच तर ती रस्त्यावर, टेबलांवर किंवा तारांवर पडणार नाही इतकी आत उभी करावी.

पाटी स्वतःच्या जागेत हवी, रस्त्याच्या हद्दीत नको. सरकारी हिरव्या-निळ्या दिशादर्शक पाट्यांसारखी दिसणारी पाटी करू नये. समोरच्या चालकाच्या डोळ्यात जाणारे फ्लड लाईट आणि सारखी उघडझाप करणारे एलईडी रस्त्याकडे तोंड करून लावू नयेत. दिवे वरून खाली, पाटीवर पडतील असे असावेत. वायर उघडी नको, अर्थिंग आणि ईएलसीबी हवाच. पावसात लोखंडी खांबाला हात लावणारं पोर कुणाचंही असू शकतं.

लॉन : टँकरचा हिशोब आधी करा

चित्रात सगळ्यात स्वस्त दिसणारी आणि पुढे सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे लॉन. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरलं, आणि हे कमीच धरलेलं आहे, तरी एका गुंठ्याला रोज ५०० लिटर लागतात. पाच गुंठे लॉन केलं तर रोज अडीच हजार लिटर, महिन्याला ७५ हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. ज्या तालुक्यांत मार्च-एप्रिलनंतर गावाला प्यायला टँकर लागतो तिथे हॉटेलच्या गवताला पाणी मारताना लोक बघतात, आणि लक्षातही ठेवतात.

काही जण शेजारच्या शेतीपंपावरून लॉनला पाणी देतात. शेतीच्या कनेक्शनची वीज हॉटेलच्या कामाला वापरली तर तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. लॉन हिरवं राहतं, बिल लाल होतं.

यावर उपाय साधा आहे. लॉन नकोच असं नाही. बसायच्या जागेपुरतं गुंठा-अर्धा गुंठा ठेवावं, बाकी ठिकाणी सावलीची झाडं, ठिबक आणि पालापाचोळ्याचं आच्छादन. कडुनिंब, करंज, बहावा, कांचन ही झाडं आपल्या उन्हात तगतात. पहिली दोन-तीन वर्षं पाणी घातलं की पुढे फारसं मागत नाहीत. कुंपणाला बोगनवेल कमी पाण्यात फुलते. वड-पिंपळ चांगलेच, पण भिंत, टाकी आणि पाईपलाईनपासून लांब. गुलमोहर दिसतो छान, पण त्याची फांदी वादळात लवकर मोडते, म्हणून टेबलांवर आणि पार्किंगवर नको. मुलं खेळतात तिथे कण्हेर लावू नये, ती विषारी आहे.

नर्सरीवाले भराभर वाढणारं कोनोकार्पस सुचवतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली आहे. परागकणांचा त्रास आणि मुळांनी पाईप-केबलचं होणारं नुकसान, अशी कारणं त्यामागे दिली गेली. यादीत ते दिसलं तर खोडून टाकावं.

आणि असलेलं झाड तोडायच्या आधी थांबावं. आंबा, चिंच, जांभूळ, साग, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या रानातली असली तरी परवानगी लागते. रस्त्याच्या हद्दीतलं झाड तर मालकाचं नाहीच. पाटी दिसत नाही म्हणून रस्त्याकडेची चिंच रात्रीतून छाटणं हा गुन्हा आहे आणि धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाही. मे महिन्यात गिऱ्हाईक पाटी बघून थांबतं त्यापेक्षा सावली बघून जास्त थांबतं. पन्नास वर्षांची चिंच कुठलाही डिझायनर लावून देऊ शकत नाही. आराखडा तिच्याभोवती फिरवावा.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

आराखडा समोर ठेवून हे प्रश्न एकेक करून विचारावेत आणि उत्तर कागदावर घ्यावं.

१. रस्त्याच्या मध्यापासून पोर्च, कंपाउंड आणि पाटी किती मीटरवर आहे? हे माप कुणी घेतलं?

२. यातलं कोणतं काम परवानगीशिवाय चालतं आणि कोणत्या कामाला मंजुरी लागते? मंजुरी कोण आणणार?

३. प्रवेशाखालची मोरी किती व्यासाची? अंगणाचं पाणी शेवटी कुठे जातं?

४. ट्रक आत येऊन, वळून, बाहेर पडू शकतो का? नकाशावर त्याची वाट आखून दाखवा.

५. पॅनल कोणत्या दर्जाचं? भट्टीपासून किती लांब?

६. विजेची तार इमारतीपासून आणि पाटीपासून किती अंतरावर?

७. पाटीवरचं मराठी नाव आधी आणि मोठं आहे का? पाटीच्या मजबुतीवर इंजिनिअरची सही आहे का?

८. बागेला रोज किती लिटर पाणी? एप्रिल-मे महिन्यात ते कुठून येणार?

९. कोणती झाडं तोडली जाणार? परवानगी आहे का?

१०. रंग, पॅनल, दिवे, लॉन यांची देखभाल वर्षाला किती? हा आकडा अंदाजपत्रकात आहे का?

ठेकेदाराशी करार करताना दर चौरस फुटावर एकच आकडा घेऊ नये. पाया, लोखंड, पॅनल, वायरिंग, मोरी, झाडं असे वेगवेगळे आकडे घ्यावेत. म्हणजे बजेट कमी पडलं तर काय कमी करायचं ते मालक ठरवतो. नाहीतर ठेकेदार कमी करतो, आणि तो न दिसणारं कमी करतो : पाया, अर्थिंग, मोरीचा पाईप. एकूण रकमेतला दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायची अट घालावी. गळती, भिंतीतली ओल, खचलेला गट्टू, वाकलेला खांब हे सगळं पहिल्या पावसाळ्यातच कळतं.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवता येतो. आधी हद्द आणि कागद. मग पाण्याची वाट आणि पार्किंग. मग स्वच्छ संडास-बाथरूम आणि त्याची बाहेरून दिसणारी पाटी, कारण बायाबापड्यांना घेऊन निघालेली गाडी आधी तीच शोधते. मग नावाची पाटी. आणि शेवटी पॅनल-काचेची चकाकी. बहुतेक ठिकाणी हा क्रम बरोबर उलटा होतो, आणि म्हणून चकचकीत हॉटेलच्या दारात गुडघाभर पाणी साचलेलं दिसतं.

नवरात्राच्या घाईत काम उरकायचं असेल तर रंग, साफसफाई आणि नियमात बसणारी पाटी एवढंच हाती घ्यावं. बांधकाम, मोरी आणि झाडांचं काम कागद हातात आल्यावर सवडीने करावं. नोटीस आल्यावर तोडायला लागणारा पोर्च बांधायला जेवढा खर्च येतो, त्याच्या कितीतरी कमी खर्चात मोजणी होते आणि इंजिनिअरकडून मापाचा खरा नकाशा मिळतो.